चार तारांचे काम : जुन्या पिकअपमध्ये ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर बसवताना

मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा की नको, हे उत्तर अमेरिकेत मुख्यतः त्याच्या वजनावरून ठरते. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत ही मर्यादा ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो अशी आहे, तर कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरांसाठी ती १,५०० पौंडांवरच येऊन थांबते. या मर्यादांमागचे गणित अवघड नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललेल्या १,५०० किलोंच्या ट्रेलरमध्ये सुमारे ४.७ लाख जूल गतिज ऊर्जा असते, आणि गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठल्या तरी ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवायची असते. ट्रेलरला ब्रेक नसेल तर तो सारा भार पुढच्या वाहनाच्या ब्रेकवर पडतो, आणि लांब उतारावर ड्रम तापून फुलू लागले, ब्रेकचे तेल उकळीच्या जवळ गेले, की पाय पेडलवर असूनही वेग उतरत नाही. ओल्या वळणावर धोका आणखी वेगळा असतो, कारण ट्रेलर मागून ढकलत राहतो आणि गाडी व ट्रेलर मधल्या सांध्याशी दुमडले जातात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर ज्यांनी पाहिला आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकांना ही ढकल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही; त्या ट्रॉल्यांपैकी पुष्कळांना ब्रेक नसतो आणि सगळे ओझे ट्रॅक्टरलाच आवरावे लागते.

हलक्या व मध्यम वजनाच्या ट्रेलरांसाठी अमेरिकेत रूढ झालेला ब्रेक विजेवर चालतो. विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथील आर्थर वॉर्नर हे मोटारींच्या वेगमापकांमुळे आधीच नावारूपाला आलेले होते. त्यांनी १९२०च्या दशकात हा ब्रेक पुढे आणला. त्याची रचना आजही मूळ कल्पनेपासून फारशी दूर गेलेली नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एका स्थिर पत्र्यावर दोन ब्रेक शू बसवलेले असतात आणि त्यांना हलवणाऱ्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक विद्युतचुंबक असतो. चुंबकातून प्रवाह गेला की तो ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो, फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडा ओढून नेतो, त्या ओढीने दांडा कलतो आणि शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे शू दाबण्याची ताकद बॅटरीतून येत नाही. ती फिरणाऱ्या चाकातूनच येते आणि विजेचे काम ती ताकद वळवून घेण्यापुरते असते. हे नीट लक्षात घेतले की पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. उभ्या ट्रेलरला हा ब्रेक भरवशाने का धरत नाही, चाचणी चालत्या गाडीवरच का घ्यावी लागते, आणि तीन-चार ॲम्पियरच्या प्रवाहात पडणारा थोडासा फरकही थांबण्याच्या अंतरावर का उमटतो, या सर्वांचे उत्तर या रचनेत आहे.

चुंबकांना किती प्रवाह द्यायचा हे ठरवणाऱ्या उपकरणाला ब्रेक कंट्रोलर म्हणतात आणि ते चालकाच्या हाताशी, डॅशबोर्डखाली बसवले जाते. सुरुवातीच्या काळात या उपकरणाला ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या मुख्य नळकांड्यातून, एक बारीक नळी जोडलेली असे; पाय जितका जोरात पडेल तितका तेलाचा दाब वाढे आणि त्या दाबाने आतला रोध कमी होऊन ट्रेलरकडे अधिक प्रवाह जाई. कल्पना उत्तम होती, कारण चालकाचा हेतू थेट पायाच्या दाबावरून मोजला जात होता. परंतु १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढच्या व मागच्या चाकांसाठी तेलाचे दोन वेगळे मार्ग असलेले मास्टर सिलिंडर आले, पुढे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा आली, आणि ब्रेकच्या तेलात तिसरीच नळी घुसवणे धोक्याचे ठरून ही पद्धत मागे पडली. तिच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात ब्रेक लाइट लागताच ठरावीक चढत्या क्रमाने प्रवाह सोडला जातो, मग चालकाने पेडलला नुसता पाय टेकवलेला असो की ते तळापर्यंत दाबलेले असो. दुसऱ्या प्रकारात आतला लोलक किंवा त्वरणमापक गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे मोजतो आणि त्या प्रमाणात प्रवाह वाढवतो किंवा घटवतो. किमतीतला फरक पाहून पहिला प्रकार निवडण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण शहरातल्या रांगेत हळू सरकताना तो प्रत्येक वेळी ट्रेलरला सारखाच हिसका देतो आणि खऱ्या संकटात मात्र आपल्याच गतीने चढत जातो. ज्या जुन्या गाडीचे स्वतःचे ब्रेक आजच्या मानाने मंद आहेत, तिच्यासाठी दुसराच प्रकार योग्य होय.

आजच्या पिकअपांमध्ये हे काम जवळजवळ उरलेले नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक अमेरिकी पिकअपांत डॅशबोर्डखाली तयार सॉकेट येऊ लागले, आणि फोर्डच्या २००५ सालच्या सुपर ड्यूटी मालिकेत तर कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातल्या चौकोनी बांध्याच्या पिकअप, त्याच पिढीतल्या फोर्ड आणि डॉज, किंवा त्याहून जुन्या स्टेशन वॅगन यांच्या मालकाला मात्र चारही तारा स्वतः शोधून स्वतः जोडाव्या लागतात. या चार तारांचे रंग सर्वत्र जवळजवळ सारखेच ठरलेले आहेत : काळी तार बॅटरीच्या धन टोकाकडून येते, पांढरी ऋण टोकाकडे जाते, लाल तार ब्रेक लाइटच्या वायरला जोडायची आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे न्यायची. एवढे सांगितले की काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जुन्या गाडीत जोडणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तिचे वायरिंग वाचण्यात जातो, आणि जो कारागीर हा वेळ देत नाही त्याची जोडणी वर्कशॉपच्या आवारात चालते आणि डोंगरउतारावर फसते.

सगळ्यांत जास्त वाचन लाल तारेसाठी करावे लागते. चालकाने ब्रेक दाबला, ही बातमी कंट्रोलरला या एकाच तारेतून कळते, त्यामुळे ती चुकीच्या ठिकाणी जोडली गेली तर बाकी सर्व निर्दोष असूनही यंत्रणा निरुपयोगी ठरते. अनुभव नसलेला माणूस गाडीच्या मागच्या दिव्याकडे जाऊन तिथली वायर पकडू पाहतो, कारण ती समोर दिसते. पण जुन्या अमेरिकी गाड्यांत ब्रेकचा लाल दिवा आणि वळण्याचा इंडिकेटर ही दोन्ही कामे बहुधा एकच फिलामेंट करते. ब्रेकच्या स्विचमधून निघालेला प्रवाह आधी स्टिअरिंगच्या खांबातल्या इंडिकेटर स्विचमध्ये जातो, तिथे त्याच्या डावी व उजवी अशा दोन वाटा होतात, आणि मगच तो मागच्या दिव्यांपर्यंत पोहोचतो. अशा वायरला कंट्रोलर जोडला तर चालकाने डावीकडे वळण्याची खूण दिली की ट्रेलरचा ब्रेकही तिच्या तालावर धरसोड करू लागतो. म्हणून लाल तारेची जागा पेडलपाशीच, स्विचच्या पुढे आणि इंडिकेटर स्विचच्या आधी, शोधावी लागते.

तिथे पोहोचायचे म्हणजे चालकाच्या आसनापुढच्या जमिनीवर पाठ टेकून, डोके पेडलांच्या खाली नेऊन, छातीवर टॉर्च ठेवून वर पाहावे लागते, आणि या स्थितीत मान व खांदे लवकरच बोलू लागतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरवरचे वेष्टन इतके ठिसूळ झालेले असते की नुसते वाकवताच ते तडकते. मूळ रंग उडून सगळ्या वायरींना धुळीची एकच छटा आलेली असते. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या पिकअपांत स्विचकडे येणारी कायम चालू वायर साधारणतः नारिंगी असते आणि स्विचमधून दिव्यांकडे जाणारी पांढरी असते, हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे. पण त्यावर विसंबून राहणे नाही, कारण मधल्या दशकांत किती जणांनी तिथे हात घातला असेल हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी रेडिओसाठी वीज घेतलेली असते, कोणी चोरी रोखण्यासाठी लपवलेला स्विच बसवून नंतर अर्धवट काढलेला असतो, कोणी जळालेल्या तुकड्याच्या जागी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. अशा वेळी खरी साक्ष टेस्ट लॅम्पची. या साध्या साधनात एक टोकदार खिळा, एक छोटा दिवा आणि अर्थला लावायची एक क्लिप एवढेच असते. पेडल सोडलेले असताना दिवा विझलेला आणि पेडल दाबताच लागलेला राहील, ती वायर आपली. इंजिन बंद असताना, चावी काढलेली असताना, हेडलाइट लावून, दोन्ही इंडिकेटर आळीपाळीने देऊन हीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. ज्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल आहे, किंवा ज्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधली कुलूपबंद होणारी क्लच-यंत्रणा ब्रेक दाबताच सुटते, त्यांच्या पेडलावरच्या स्विचमध्ये संपर्कांची दुसरी जोडी असते आणि तिच्या वायरीचे वागणे बरोबर उलटे असते, म्हणजे पाय नसताना ती जिवंत आणि पाय पडताच मृत होते. घाईत ही वायर पकडली गेली तर ट्रेलरचा ब्रेक नको तेव्हा लागतो आणि हवा तेव्हा सुटतो.

याहून सूक्ष्म अडचण हॅझार्डच्या दिव्यांची. चारही इंडिकेटर एकाच वेळी लुकलुकत असताना काही जुन्या वायरिंगमध्ये लुकलुकणारा प्रवाह इंडिकेटर स्विचमधून उलटा येऊन लाल तारेवर पोहोचतो आणि कंट्रोलर त्याला ब्रेकची सूचना समजतो. मग पाय नसतानाही ट्रेलर ठोके देत धरतो आणि सोडतो. ही चूक अंगणात सहसा उघड होत नाही. ती उघड होते दाट धुक्यात किंवा रस्त्याच्या कडेला सरकताना, जेव्हा चालकाचे सारे लक्ष इतरत्र गुंतलेले असते. उपाय साधा आहे. पेडलवर वेगळा स्विच बसवून कंट्रोलरला स्वतंत्र सूचना द्यावी, किंवा मधे रिले घालावा. रिले म्हणजे एका लहान प्रवाहाने दुसरा मार्ग उघडणारा-मिटणारा चुंबकी स्विच. त्यामुळे दोन्ही वायरिंग एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र कंट्रोलरवरची हाताची कळ सरकवली की तो लाल तारेतून उलट दिशेने प्रवाह सोडून ब्रेक लाइट लावतो, आणि मागून येणाऱ्याला ट्रेलर हळू होतो आहे हे कळण्यासाठी ही सोय टिकलीच पाहिजे. रिले घालताना तिचा बळी जाणार नाही ना, हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानता येत नाही.

आणखी जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पेडलवर नसून मास्टर सिलिंडरजवळ तेलाच्या दाबावर चालणारा असतो. तो दाब पुरेसा चढल्यावरच लागतो, त्यामुळे ट्रेलरला बातमी किंचित उशिरा मिळते. अशा गाडीत पेडलवरचा यांत्रिक स्विच नव्याने बसवणे शहाणपणाचे. १९५५ पर्यंतच्या फोर्ड गाड्यांत तर सहा व्होल्टची बॅटरी असून तिचे धन टोक चॅसिसला जोडलेले असे. बारा व्होल्टच्या आणि ऋण टोक चॅसिसला जोडलेल्या वायरिंगसाठी बनवलेला आजचा कंट्रोलर तिथे लावताच येत नाही. आधी गाडीची सगळी वीजव्यवस्था बदलावी लागते, आणि तो स्वतंत्र व मोठा उद्योग आहे.

काळ्या तारेसाठी वीज फ्यूजच्या पेटीतून घेण्याची सवय पुष्कळांना असते, कारण ती पेटी जवळ असते. जुन्या पेटीतले संपर्क गंजलेले असतात, त्यांच्यावर आधीच पंखा, वायपर, रेडिओ यांचा भार असतो, आणि ऐन वेळी तिथे विजेचा दाब पडला तर ट्रेलरचा ब्रेक निम्म्या ताकदीने लागतो. म्हणून काळी तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी आणि बॅटरीच्या जवळच तिच्यात सर्किट ब्रेकर घालावा. दोन ॲक्सलपर्यंतच्या, म्हणजे चार ब्रेकच्या ट्रेलरला साधारणतः २० ॲम्पियरचा आणि तीन ॲक्सलच्या ट्रेलरला ३० ॲम्पियरचा ब्रेकर वापरतात. तो थंड झाल्यावर आपोआप पुन्हा जोडला जाणारा असावा, कारण क्षणभराच्या दोषाने उडालेला फ्यूज उतारावर बदलता येत नाही. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या क्रायस्लर गटाच्या गाड्यांत एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांच्या डॅशबोर्डवरच्या ॲम्पियरमापकातून चार्जिंगचा संपूर्ण प्रवाह जातो, आणि तोच प्रवाह इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर बसवलेल्या कनेक्टरमधूनही जातो. बॅटरीच्या टोकावर नवा भार जोडला की ट्रेलरचा ब्रेक लागताना मापकाची सुई चार्जच्या बाजूला झुकते, जणू बॅटरी भरली जात आहे. ही सुई पाहून मालक घाबरतो किंवा निश्चिंत होतो, दोन्ही चुकीचे. तिचा खरा सांगावा एवढाच असतो की त्या जुन्या कनेक्टरचे संपर्क उघडून, साफ करून, तापल्याच्या खुणा तपासून घ्याव्यात.

पांढऱ्या तारेबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात आणि तिनेच सर्वांत जास्त तक्रारी निर्माण होतात. डॅशबोर्डच्या पत्र्यात स्क्रू फिरवून अर्थ देणे सोपे आहे. पण तो पत्रा, त्याखालचा केबिनचा सांगाडा, केबिन आणि चॅसिस यांच्यामधली रबरे, आणि चॅसिसपासून बॅटरीपर्यंतची जुनी पट्टी, या सर्व सांध्यांतून प्रवाहाला परत यावे लागते. प्रत्येक सांध्यात रंग, गंज आणि ग्रीस साचलेले असते. कंट्रोलरला स्थिर अर्थ मिळाला नाही तर त्याचे मोजमापच डळमळीत होते. पांढरी तार काळ्या तारेच्या बरोबरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी, यात काटकसर करू नये. दोन्ही तारा इंजिनच्या बाजूला नेताना मधल्या पत्र्यात भोक पाडावे लागले तर त्याची कड घासून गुळगुळीत करावी आणि रबरी ग्रोमेट बसवावा. नुसत्या पत्र्याच्या धारेवरून गेलेली तार आज ना उद्या कापली जाते.

निळ्या तारेचा प्रवास सर्वांत लांब, डॅशबोर्डपासून मागच्या बंपरपर्यंत आणि तिथून ट्रेलरच्या चाकांपर्यंत. इथे तारेच्या जाडीचे गणित करून पाहावे. दहा-बारा इंची ड्रमच्या ब्रेकचा एक चुंबक पूर्ण जोरावर सुमारे तीन ॲम्पियर घेतो, म्हणजे चार चुंबक मिळून बारा. १२ मीटर लांबीच्या मार्गात अमेरिकी मापाची १६ क्रमांकाची, म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटर छेदाची तार वापरली, तर तिच्यातच जवळपास दोन व्होल्ट हरवतात. १२ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिलिमीटरची वापरली तर हे नुकसान पाऊण व्होल्टच्या आसपास राहते. अमेरिकी मापात आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे नवख्याने लक्षात ठेवावे. दोन व्होल्ट हरवले म्हणजे चुंबकाचा सहावा हिस्सा प्रवाह गेला, आणि कंट्रोलरची कळ कितीही पुढे नेली तरी तो परत येत नाही. तार चॅसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, जाळीदार नळीत घालून न्यावी आणि ठिकठिकाणी बांधावी. सांधे कसे असावेत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वायर न कापता तिच्यावर चिमट्याने दाबून बसवायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा कामाला वेग देतात, पण त्या तांब्याचे काही धागे तोडतात, ओलावा आत घेतात आणि एका हिवाळ्यात हिरव्या पडतात. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत तर त्याहूनही लवकर. ब्रेकच्या वायरिंगमध्ये त्यांना जागा नाही. दाबून बसवलेली पक्की नळी, किंवा डाग देऊन त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी, हाच सांधा भरवशाचा.

कंट्रोलर कुठे बसवावा हे ठरवताना सौंदर्याचा विचार आड येतो. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्या मालकाला मूळ डॅशबोर्डला एकही नवे भोक पडायला नको असते, आणि ही भावना समजून घेण्यासारखी आहे. अशा वेळी खालच्या कडेला आधीच असलेल्या स्क्रूंना अडकवता येईल अशी लोखंडी पट्टी बनवून तिच्यावर उपकरण टांगता येते. पण हाताची कळ पाठ न हलवता आणि नजर रस्त्यावरून न काढता सापडलीच पाहिजे, यात तडजोड नको. ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागला की गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक या कळीने हलकेच लावायचा असतो, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. त्या क्षणी कळ शोधत बसणे परवडत नाही. त्वरण मोजणारे उपकरण गाडीच्या प्रवासाच्या दिशेला समांतर बसवावे लागते आणि त्याचा वरखाली कल निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. अपघातात गुडघा कुठे आदळेल, हेही बसवण्याआधी पाहावे. त्या काळातल्या गाड्यांत एअरबॅग नाहीत.

जोडणी झाली की लगेच रस्त्यावर जाण्याची घाई होते, पण त्याआधी ट्रेलरची बाजू तपासणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा दोष कंट्रोलरचा समजला जातो आणि असतो ट्रेलरचा. निळ्या तारेत ॲम्पियरमापक घालून कळ पूर्ण सरकवली, तर चार चुंबकांच्या ट्रेलरला साधारण बारा ॲम्पियर दिसावेत. नऊच दिसले तर एक चुंबक तुटलेला आहे किंवा त्याची वायर सुटली आहे, आणि सगळेच आकडे थोडे थोडे कमी असतील तर अर्थमध्ये किंवा प्लगच्या पितळी पट्ट्यांत गंज आहे. एका ब्रेककडून दुसऱ्याकडे जाणारी वायर पुष्कळ ट्रेलरांत ॲक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. खडबडीत रस्त्यावर ती आत घासली जाते आणि अधूनमधून शॉर्ट होते, म्हणून उभ्या ट्रेलरवर सर्व ठीक दिसते आणि चालू लागताच कंट्रोलर दोष दाखवतो. अशी वायर नळीच्या बाहेरून नव्याने नेणे हाच टिकाऊ उपाय. त्यानंतर प्रत्येक चाक उचलून, फिरवून, शू आणि ड्रम यांच्यातले अंतर ठीक करायचे.

मग मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक काही वेळ वापरून किंचित तापवल्यावर, ताशी सुमारे ४० किलोमीटरच्या वेगाला फक्त हाताची कळ पूर्ण सरकवून पाहायचे. ट्रेलरची चाके जाम होत असतील तर प्रवाह कमी करायचा, ओढ जाणवत नसेल तर वाढवायचा, आणि जाम होण्याच्या थोडे अलीकडे थांबायचे. ही संवेदना आकड्यांत सांगता येत नाही. नीट जुळलेल्या गाडीत ब्रेक दाबल्यावर ट्रेलर पुढे ढकलतही नाही आणि मागून हिसकाही देत नाही. मागे काही आहे याचा विसर पडावा इतके दोन्हींचे थांबणे एकसारखे होते. ही जुळणी कायमची नसते. नवे शू ड्रमला बसू लागले की पकड वाढते आणि कळ मागे घ्यावी लागते. रिकामा ट्रेलर, भरलेला ट्रेलर, ओला रस्ता, यांच्याप्रमाणे ती बदलत राहते. कळ एकदा ठरवून विसरून जाणारा चालक रिकाम्या ट्रेलरची चाके पावसात घसरवतो.

कंट्रोलरशी थेट संबंध नसला तरी याच तपासणीत बघायची एक गोष्ट म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याला आपोआप थांबवणारा स्विच. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या या स्विचची खीळ दोरीने गाडीला बांधलेली असते. जोड तुटला की खीळ निघते आणि ट्रेलरवरची लहान बॅटरी चुंबकांना पूर्ण प्रवाह देते. व्यावसायिक वाहतुकीच्या अमेरिकी संघीय नियमांनुसार हे ब्रेक निदान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. खीळ ओढून चाचणी घेताना ट्रेलरचा प्लग गाडीतून काढलेला असावा, नाही तर उलटा आलेला प्रवाह नव्या कंट्रोलरलाच इजा करू शकतो. ती छोटी बॅटरी वर्षानुवर्षे कोणी पाहिलेली नसते आणि बहुतेक वेळा ती मेलेली निघते.

या सगळ्या कामात कारागिराला कधी कधी नकारही द्यावा लागतो, आणि तो देण्याचे धैर्य हा त्याच्या कौशल्याचाच भाग मानला पाहिजे. ब्रेक कंट्रोलर गाडीची ओढण्याची क्षमता वाढवत नाही. तो ट्रेलरच्या वजनापुरता हिशेब मिटवतो. गाडीचा कुजलेला चॅसिस, ट्रेलर जोडण्याच्या हुकाभोवतीचे तडकलेले वेल्डिंग, चारही चाकांना ड्रम असलेले थकलेले ब्रेक किंवा गळणारा मास्टर सिलिंडर यांची भरपाई तो करू शकत नाही. ट्रेलरचे वायरिंग तुटले तरी एकट्या गाडीला दोन्हींचे वजन कसेबसे थांबवता आले पाहिजे, या कसोटीवर जी गाडी उतरत नाही, तिच्यात आधी स्वतःच्या ब्रेकचे काम करावे आणि कंट्रोलर खोक्यातच ठेवावा. मालक नाराज होतो, कारण सुट्टीचे बेत ठरलेले असतात आणि ट्रेलर दारात उभा असतो. तरीही ब्रेकच्या नळ्या, होज आणि शू बदलून झाल्यावरच डॅशबोर्डखाली पाठ टेकावी.